मंडप, रंगमंच आणि संरक्षक साधने

छत्तीसगढ राज्यातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या प्रचंड पोलाद कारखान्याला लागून जामुल हे गाव आहे. भिलाईचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारला गेला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे १९६५ साली जामुल येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी भाषा व मराठी माणूस या भागास कधीच परका नव्हता. देशाच्या सर्व प्रांतांतून येथे कामगार आले आणि आपापले उत्सवही त्यांनी बरोबर आणले. भाद्रपदात गणपती बसतो, १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा होते, आणि आश्विनात दुर्गापूजेचे व नवरात्राचे मंडप उभे राहतात.

अशा कारखान्याच्या गावात एक विसंगती सहज पाहावयास मिळते. दिवसा कारखान्यात जाणारा कामगार डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले हेल्मेट, आणि पायांत पोलादी टोपीचे बूट घालतो. त्यावाचून त्याला दारातून आत सोडीतच नाहीत. तोच कामगार संध्याकाळी मंडळाच्या कामाला येतो, तेव्हा उघड्या डोक्याने आणि अनवाणी पायांनी बांबूवर चढतो, दातांत सुतळी धरतो आणि एका हाताने विजेच्या माळा बांधतो. कारखान्यातील उंची आणि मंडपातील उंची यांत गुरुत्वाकर्षण काहीच भेद करीत नाही. मग मनुष्याने तो भेद का करावा? ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

तात्पुरते काम, कायमची इजा

नाटक, संगीताची मैफल, सार्वजनिक उत्सव, सभा किंवा शाळेचे स्नेहसंमेलन प्रेक्षकांना दोन-चार तासच दिसते. त्यामागे मात्र अनेक हातांचे काम असते. मंडप उभारणारे, परांची बांधणारे, पडदे ओढणारे, दिवे टांगणारे, ध्वनिवर्धक रचणारे आणि जनित्र चालविणारे लोक कार्यक्रमापूर्वी कित्येक तास राबत असतात. कार्यक्रम संपल्यावर, रात्री उशिरा, थकलेल्या शरीराने त्यांनाच सर्व उतरवावेही लागते.

कारखान्यातील यंत्र एका जागी वर्षानुवर्षे असते. त्याचे धोके ओळखीचे होतात, त्याला कठडे बसविले जातात, आणि त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी असतो. मंडपाची जागा दर वेळी नवी असते, जमीन नवी असते, सोबतीही पुष्कळदा नवे असतात. कार्यक्रमाची वेळ पत्रिकेत छापलेली असते, म्हणून घाई ही नेहमीचीच. ‘चार दिवसांचेच तर काम आहे’ ही समजूत या घाईत भर घालते. काम चार दिवसांचे असले, तरी मोडलेला पाठीचा कणा चार दिवसांत सांधत नाही.

अपघात प्रेक्षक जमल्यावरच होतात, असेही नाही. १६ जून २०१२ रोजी कॅनडातील टोरंटो येथे एका मोठ्या संगीत कार्यक्रमाच्या रंगमंचावरील छताचा सांगाडा कोसळला. प्रेक्षकांसाठी दारे उघडण्यास अद्याप सुमारे एक तास होता. त्या वेळी रंगमंचावर वाद्ये लावीत असलेला एक तंत्रज्ञ त्याखाली सापडून मरण पावला. आपल्या देशात २३ जून २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे कथेचा मंडप वादळी वाऱ्याने उडाला व १४ माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा मृत्यू मंडपातील विजेच्या धक्क्याने झाला.

पडणाऱ्या वस्तूचे गणित

उंचीवर काम करणाऱ्याच्या हातून पाना निसटतो, ही नित्याची गोष्ट आहे. समजा, अर्ध्या किलोग्रॅम वजनाचा पाना १० मीटर उंचीवरून खाली पडला. दीड सेकंदाच्या आत तो जमिनीवर पोहोचतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. त्याच्या अंगी सुमारे ४९ जूल इतकी ऊर्जा साठलेली असते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तो आदळला, म्हणजे ही सर्व ऊर्जा कोठे तरी खर्च व्हावीच लागते.

येथे एक साधा नियम उपयोगी पडतो. येणारी वस्तू जितक्या थोड्या अंतरात थांबवावी, तितका आघाताचा जोर अधिक. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, तो ह्याच कारणाने. कवटीचे हाड फारसे मागे सरू शकत नाही. आपला पाना समजा ३ मिलिमीटरांत थांबला, तर सरासरी जोर सुमारे १६,००० न्यूटन, म्हणजे १,६०० किलोग्रॅम भाराइतका होतो. तोच पाना ३ सेंटिमीटरांत थांबला, तर जोर एकदशांश, म्हणजे सुमारे १६० किलोग्रॅम भाराइतका उरतो.

शिरस्त्राणाचे सारे रहस्य ह्या दोन आकड्यांच्या फरकात आहे. त्याचे बाहेरचे कवच कठीण असते, ते आघात मोठ्या क्षेत्रावर पसरविते. कवचाच्या आत पट्ट्यांची जाळी असते. ही जाळी डोके व कवच यांच्यामध्ये मोकळी जागा राखते. आघात झाला की पट्ट्या ताणतात, कवच किंचित वाकते, आणि ती मोकळी जागाच माणसाचा जीव वाचविते. म्हणून त्या पोकळीत रुमाल, विडीचे बंडल किंवा भ्रमणध्वनी कोंबून ठेवणे म्हणजे साधनाचा प्राणच काढून घेणे होय.

युरोपात रूढ असलेल्या एका चाचणीत ५ किलोग्रॅमचा ठोकळा १ मीटर उंचीवरून शिरस्त्राणावर पाडतात. ही ऊर्जाही ४९ जूलच, म्हणजे आपल्या पान्याइतकीच. अशा वेळी आतील डोक्याच्या प्रतिकृतीवर ५,००० न्यूटनांपेक्षा अधिक जोर येता कामा नये. भारतात औद्योगिक शिरस्त्राणांसाठी आय. एस. २९२५ हे मानक आहे. विकत घेताना त्या मानकाचे चिन्ह पाहून घ्यावे. हनुवटीखालची पट्टी बांधलेली असावी, कारण माणूस तोल जाऊन पडला, तर सैल शिरस्त्राण त्याच्याआधीच जमिनीवर पोहोचते. एकदा जबर आघात सोसलेले किंवा तडा गेलेले शिरस्त्राण पुन्हा वापरू नये.

एका पुलाची कथा

अशा शिरस्त्राणाचा इतिहास फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी वापरलेल्या पोलादी टोपावरून अमेरिकेतील बुलार्ड या खाणसाहित्याच्या व्यवसायातील घराण्याला ही कल्पना सुचली. १९१९ साली त्यांनी वाफवलेले कॅनव्हास व सरस यांपासून कामगारांसाठी एक कठीण टोपी तयार केली. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधकामावर, १९३३ ते १९३७ या काळात, अशी टोपी घालणे सक्तीचे करण्यात आले. पुलाखाली एक मोठी दोरखंडाची जाळीही बांधण्यात आली. त्या जाळीने १९ कामगारांना समुद्रात पडण्यापासून वाचविले.

या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची तुटून जाळीवर कोसळली, जाळी फाटली आणि १० कामगार मृत्युमुखी पडले. माणसाचा भार झेलण्यासाठी बांधलेली जाळी परांचीचा भार झेलू शकली नाही. प्रत्येक संरक्षक साधनाला त्याची मर्यादा असते. ती ओळखणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

पट्टा आणि दोर

उंचीवरील कामासाठी पूर्वी केवळ कमरपट्टा वापरीत. पडणाऱ्या माणसाचा सर्व झटका त्यामुळे पोटावर व कण्यावर येई. हल्ली खांदे, छाती व मांड्या यांभोवती बसणारा संपूर्ण शरीराचा पट्टा वापरतात, आणि झटका शरीराच्या बळकट भागांवर वाटला जातो.

येथेही थांबण्याच्या अंतराचाच नियम लागू पडतो. ८० किलोग्रॅमचा माणूस १.८ मीटर पडून दोराच्या टोकाशी १० सेंटिमीटरांत थांबला, तर त्याच्या शरीरावर सुमारे दीड हजार किलोग्रॅम भाराइतका झटका येईल. दोराला झटका शोषणारी घडी जोडली, तर तिची शिवण क्रमाक्रमाने उसवत जाते. माणूस १ मीटर अंतरात थांबला, तर हाच जोर सुमारे २२० किलोग्रॅम भारापर्यंत उतरतो. शिवण उसवते, पण माणूस वाचतो.

हा पट्टा वापरताना तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, आकडा कशात अडकवावयाचा? सुतळीने बांधलेला आडवा बांबू किंवा दिव्यांची नळी हा आधार नव्हे. कित्येक माणसांचा भार एकदम पेलू शकेल असा पक्का खांब किंवा तुळई हवी.

दुसरी, आकडा पायांजवळ न अडकवता डोक्याच्या वर अडकवावा. दोराची लांबी १.८ मीटर, घडी उलगडण्यास सुमारे १.२ मीटर, पाठीवरील कडीपासून पायांपर्यंत १.५ मीटर आणि सुरक्षिततेसाठी १ मीटर धरले, तर आधाराखाली सुमारे साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. चार मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाने पायांशीच आकडा अडकविला, तर दोर त्याला थांबविण्यापूर्वीच जमीन थांबवील. कमी उंचीच्या मंडपात म्हणूनच आखूड दोर, कठडा असलेली परांची किंवा चाकांना कुलूप असलेला मनोरा अधिक उपयोगी ठरतो.

तिसरी, पट्ट्यात लटकत राहणे हेही धोक्याचे आहे. मांड्यांवरील दाबामुळे रक्त पायांत साचते आणि थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपू शकते. माणसाला खाली कसे उतरवावयाचे, हे वर चढण्यापूर्वीच ठरलेले असावे.

महाराष्ट्राला हा विचार एका लोकप्रिय उत्सवामुळे करावा लागला. दहीहंडीच्या मनोऱ्यांची उंची वाढत गेली, तसे जखमी गोविंदांचे प्रश्न न्यायालयापुढे आले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली ती मर्यादा उठली, परंतु १४ वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात घेतले जाणार नाही आणि शिरस्त्राण, पट्टे इत्यादी साधने पुरविली जातील, हे शासनाने न्यायालयात मान्य केले. तेव्हापासून शिरस्त्राण घातलेला लहान गोविंदा ही ओळखीची गोष्ट झाली. त्याने हंडीचा आनंद उणावला, असे कोणी म्हणत नाही. हंडीचा दोर बांधण्यासाठी चढणाऱ्यालाही तेच शिरस्त्राण मिळाले पाहिजे.

न दिसणारा शत्रू

मंडपातील विजेचा धोका डोळ्यांना दिसत नाही. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो, पण घाम किंवा पाऊस यांनी ओल्या झालेल्या शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. सुमारे १० ते १५ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडता येत नाही. त्याच्या काही पट प्रवाह हृदयाचा ताल बिघडवून प्राण घेऊ शकतो.

येथे हातमोज्यांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बांबू वाहण्यासाठी वापरलेले कापडी किंवा चामडी मोजे कुसे व खरचटणे यांपासून हात वाचवितात, विजेपासून नव्हे. विजेच्या कामासाठी तपासलेले रबरी मोजे निराळे असतात, आणि त्यांना बारीकसे छिद्र पडले तरी ते निरुपयोगी होतात. खरे संरक्षण त्याच्याही आधी सुरू होते. काम करताना प्रवाह बंद असावा, मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन असावे, तारांचे जोड उघडे नसावेत, जनित्र व लोखंडी सांगाडा भूसंपर्कित असावा. गळती ओळखणारे हे साधन क्षणार्धात प्रवाह तोडते. तितक्या वेळात माणसाला तारेवरचा हात काढणेही जमत नाही.

रस्त्यावरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांपुढे तर कोणताही साधा मोजा टिकत नाही. २७ एप्रिल २०२२ रोजी तमिळनाडूतील तंजावरजवळ काळिमेडू येथे मंदिराच्या रथाचा अशा तारेला स्पर्श होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. लोखंडी शिडी, ॲल्युमिनियमचा सांगाडा किंवा मिरवणुकीतील उंच कमान या तारांपासून दूर ठेवणे हाच एक उपाय आहे.

कान, पाय आणि डोळे

ध्वनिवर्धकाजवळ उभे राहणारा माणूस पडत नाही, त्याला जखमही होत नाही. त्याची हानी हळूहळू व मुकाट्याने होते. माणसाच्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे ८५ डेसिबल आवाज ८ तासांपर्यंत सोसणे शक्य मानले जाते. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनोरंजनाच्या स्थळांसाठी सुचविलेली मर्यादाही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशीच आहे.

प्रेक्षक घरी जातो. ध्वनियंत्रणेचा कामगार मात्र दहा दिवसांच्या उत्सवात रोज कित्येक तास तेथेच असतो. कार्यक्रमानंतर कानांत शिटी वाजल्यासारखे वाटणे ही धोक्याची पहिली सूचना होय. कापसाचा बोळा आवाज फारच थोडा अडवितो. नीट बसविलेले फेसाचे कर्णरोधक साधारण १५ ते २५ डेसिबल आवाज कमी करतात, आणि १०० डेसिबलच्या जागी १५ मिनिटांची मर्यादा कित्येक तासांवर जाते. त्यांची किंमत चहाच्या दोन-चार कपांएवढी असते.

पायांविषयी फार सांगावयास नको. फळ्यांतून वर आलेले खिळे, ध्वनिवर्धकांच्या अवजड पेट्या आणि हातगाड्यांची चाके यांच्यापुढे रबरी चप्पल म्हणजे पायच उघडा. सुरक्षा-बुटाची पोलादी टोपी २०० जूलपर्यंतचा आघात सोसते, म्हणजे २० किलोग्रॅमचे ओझे सुमारे १ मीटरवरून बोटांवर पडले तरी बोटे वाचतात. सांगाड्याला झाळकाम करताना काळ्या काचेचा मुखवटा आणि कापताना साधा संरक्षक चष्मा हवाच. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजे घालू नयेत, कारण मोजा त्यात गुंतला की हातही त्याच्या मागोमाग ओढला जातो.

शेवटची ढाल

संरक्षक साधने ही शेवटची ढाल आहेत, पहिली नव्हेत. टोरंटोचे छत कोसळले, तेव्हा कोणत्याही शिरस्त्राणाने त्या तंत्रज्ञाचा जीव वाचला नसता. तेथे सांगाड्याची मजबुतीच हवी होती. म्हणून शहाणा मंडपवाला प्रथम धोकाच दूर करतो. जे जमिनीवर जोडता येईल ते वर चढून जोडीत नाही. वारा वाढला की काम थांबवितो. उंच काम चालू असेल तेथे खाली दोर बांधून वाट बंद करतो. पाना मनगटाला दोरीने बांधतो. आणि एवढे करूनही जो धोका उरतो, त्याच्यासाठी अंगावर साधने घालतो.

तरीही साधने वापरली का जात नाहीत? उकाडा होतो, हालचाल अडते, सोबती हसतात, अशी कारणे सांगितली जातात. त्यांतील पहिली दोन खरी आहेत, आणि त्यांवर मापाचे व हवेशीर साधन हा उपाय आहे. तिसऱ्यावर उपाय एकच. प्रमुखाने स्वतः प्रथम ते घालावे. मंडळाचा अध्यक्ष, नाट्यसंस्थेचा व्यवस्थापक किंवा शाळेतील शिक्षक उघड्या डोक्याने परांचीखाली फिरत असेल, तर रोजंदारीवरचा मुलगा शिरस्त्राण घालणार नाही. हा खर्च कामगारावर टाकणेही योग्य नव्हे. पडदे, फुले आणि रोषणाई यांच्या अंदाजपत्रकात शिरस्त्राणे, पट्टे व कर्णरोधक यांची एक ओळ सहज मावते.

शाळांनी तर याबाबत विशेष दक्ष राहावे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी उत्साहाने शिडीवर चढणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. ३ मीटर उंचीवरून पडणारे मूल ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. पडदा बांधण्याचे काम मोठ्यांनी, पक्क्या शिडीवरून आणि खाली शिडी धरणारा माणूस असतानाच करावे. मुलांना शिडीवर न चढविता तिचे गणित शिकवावे.

विश्वकर्मापूजेच्या दिवशी, तसेच खंडेनवमीला, आपण हत्यारांची पूजा करतो. हातोडा, करवत, पाना यांना हळद-कुंकू वाहतो, कारण त्यांच्यावर आपली भाकरी चालते. जामुलच्या कामगाराने त्या दिवशी आपले शिरस्त्राणही त्या ओळीत ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरविताना ते डोक्यावर घालावे.